दर रविवारी एक टॅग छापा, राजेहो

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या महिन्यात तुमच्या रविवारच्या पुरवणीत एआयवर पानभर लेख आला होता. त्यात एक वाक्य होतं की आता वेबसाइट बनवायला काहीच शिकायची गरज नाही, तोंडानं सांगा अन् तयार. मी तो लेख दोनदा वाचला, एकदा सकाळी चहासोबत अन् एकदा रात्री वावरात मोटार चालू करून बसलो होतो तवा, अन् दोन्ही वेळा मनात हेच आलं की बाप्पा, मी तर आत्ता कुठं शिकलो अन् हे म्हणतात गरजच नाही. म्हणून हे पत्र. लांब झालंय हे मला माहीत आहे, कापायचं असलं तर मधातलं कापा, शेवटचं मागणं तेवढं ठेवा.

मी दारव्हा तालुक्यातला शेतकरी. साडेसहा एकर, पऱ्हाटी (म्हणजे कपाशी) अन् सोयाबीन, मधात तुरीचे तास. शिक्षण बारावी, तेही आर्ट्स. एक छंद आहे, आमच्या भागातले शब्द वहीत लिहून ठेवायचा. धुरा, आखर, कुटार, सऱ्हाता, उलसाक, असे. माझी आई बोलायची त्यातले अर्धे शब्द आता माझ्या पोराला समजत नाहीत, म्हणून सुरू केलं होतं, आता दोन वह्या भरल्या. आधी हे शब्द फेसबुकवर टाकायचो, पण तिथं आज टाकलेलं परवा सापडत नाही. गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकले तर गुड मॉर्निंगच्या फुलांखाली गाडले गेले. मग वाटलं आपलं स्वतःचं एक पान पाहिजे, जिथं शब्द ठेवला की तिथंच राहील, कोणी पत्ता टाकला की उघडंल.

त्यासाठी तालुक्याला एक क्लास लावला. क्लासचं नाव लिहीत नाही, चालवणारा माणूस वाईट नाही, पण साडेतीन हजार रुपये फी अन् तीन महिने, आठवड्यातून दोन दिवस एसटीनं जाणं-येणं, अन् शिकवणं काय तर वहीत लिहून घेणं. एचटीएमएल म्हणजे वेबसाइटचं पान लिहायची भाषा, अन् टॅग म्हणजे तिच्यातल्या खुणा, पण तिथं नुसतं एचटीएमएलचा फुल फॉर्म लिहा. टॅग म्हणजे काय, व्याख्या लिहा. टॅगचे प्रकार किती, दोन, उदाहरणासहित लिहा. झेरॉक्स नोट्स होत्या त्या कोणत्या जमान्यातल्या होत्या देव जाणे, त्यात अक्षर सरकवायचा मार्की टॅग होता, मजकूर मधात आणायचा सेंटर टॅग होता, रंगासाठी फॉन्ट टॅग होता. हे तिन्ही टॅग एचटीएमएल फाइव्हनं मोडीत काढलेले आहेत अन् ते प्रमाण २०१४ मध्येच जाहीर झालं, हे मला नंतर समजलं. कॉम्प्युटर आठ होते, त्यातले तीन चालू, अन् आम्ही चौदा जण. तीन महिन्यांत मी माझ्या हातानं एकही फाइल सेव्ह केली नाही. परीक्षा झाली ती पेपरवर, मला ७२ टक्के मिळाले, सर्टिफिकेट फ्रेम करून मिळालं. पान काही झालं नाही.

दिवाळीत पुतणी आली. अकरावीला आहे, यवतमाळला, तिला आयटी विषय आहे, त्यांच्या पुस्तकात एचटीएमएल आहे. हा विषय ऐच्छिक असतो, आमच्या जवळच्या ज्युनिअर कॉलेजात तो नाहीच, म्हणून गावातल्या पोट्ट्यांना हे माहीतच होत नाही. तर तिला मी मोठ्या कौतुकानं सर्टिफिकेट दाखवलं. ती म्हणाली, "मोठेबाबा, मंग तुमचं पान कुठी आहे?" मी म्हटलं पान नाही, क्लास झाला. तिनं माझ्याकडं असं पाहिलं की मला फ्रेम उचलून आत न्यावी लागली.

आमच्या घरी एक जुना कॉम्प्युटर आहे, विंडोज सेव्हनवाला, पोरानं एमएस-सीआयटीसाठी घेतला होता. त्याला नेट नाही. मी तिला म्हटलं नेट नसताना वेबसाइट कशी शिकवशील, तर ती हसली. तिनं नोटपॅड उघडलं. तेच नोटपॅड, ज्यात मी बियाण्याचा हिशोब लिहीत होतो. पाच-सहा ओळी लिहिल्या, फाइल सेव्ह केली, डबल क्लिक केलं, अन् ब्राउझरमध्ये, म्हणजे नेटवरची पानं पाहायच्या सॉफ्टवेअरमध्ये, पान उघडलं, माझं नाव मोठ्या अक्षरात, खाली गाव. घड्याळ पाहिलं नाही पण आमच्या घरचीनं चहा गॅसवर ठेवला होता तो उतरायच्या आत झालं. नेट लागतं ते पान दुसऱ्याला दाखवायला, लिहायला अन् पाहायला नेट लागतच नाही. ही एक गोष्ट जर त्या क्लासमध्ये पहिल्या दिवशी कोणी सांगितली असती तर माझं अर्धं एसटीचं भाडं वाचलं असतं.

आता टॅग म्हणजे काय ते मी माझ्या भाषेत सांगतो, तुमच्या वाचकांसाठी. (खऱ्या पानात टॅग इंग्रजी अक्षरातच लिहावे लागतात, इथं मी मराठीत लिहितो कारण तुमच्या छपाईत ती चिन्हं टिकतील का याचा भरवसा नाही.) गणितात लहान-मोठं दाखवायची चोच असते ना, जिचं तोंड मोठ्या संख्येकडं उघडं असते, तशा दोन चोची, एक डावीकडून एक उजवीकडून, अन् मधात एखाद-दुसरं अक्षर. पी लिहिलं तर परिच्छेद, एच वन लिहिलं तर सगळ्यात मोठं शीर्षक, एच टू त्याहून लहान, असं एच सिक्सपर्यंत. टॅग सुरू केला की मजकूर लिहायचा, मजकूर संपला की तोच टॅग पुन्हा लिहायचा पण आत तिरपी रेघ मारून, म्हणजे ब्राउझरला समजते इथं संपलं.

ही तिरपी रेघ मी पहिल्याच दिवशी विसरलो. शीर्षकाचा टॅग सुरू केला, बंद केला नाही, अन् खालचा सगळा मजकूर, गावाची माहिती, शेतीची माहिती, सगळं ढोराएवढ्या अक्षरात. आमच्याकडं शेतीची लाइन आठवड्यातून तीन-चार दिवस रात्रीची असते, झोपेत मोटार चालू करायची, अन् बंद करायला उठलो नाही की सकाळी खालच्या वावरवाल्याचा फोन, पाणी धुरा फोडून त्याच्या तुरीत. तसंच हे. मोटार बंद करायची राहिली. गंमत म्हणजे कॉम्प्युटर काही तक्रारच करत नाही. चूक झाली असं लाल अक्षरात सांगत नाही, ब्राउझर गुपचूप आपल्या मनानं अंदाज लावतो अन् जसं जमंल तसं दाखवतो. हे चांगलंही आहे अन् वाईटही, चांगलं असं की अर्धवट पानही दिसतं, माणूस घाबरत नाही, वाईट असं की चूक कुठं झाली ते आपल्यालाच एकेक ओळीवर बोट ठेवून शोधावं लागतं.

दुसरी भानगड चोचीची. मी मराठी टाइप करायला इन्स्क्रिप्ट कीबोर्ड शिकलेलो आहे, फोनेटिक, म्हणजे इंग्रजी स्पेलिंगनं मराठी लिहिणं, मला जमत नाही. तर चोच काढायला शिफ्ट धरून स्वल्पविरामाचं बटण दाबलं तर पडद्यावर ष आला. पुढचं बटण दाबलं तर पूर्णविरामाचा दंड आला. मला वाटलं कीबोर्ड गेला. पुतणी म्हणाली, "अहो तुमी मराठीतच आहा अजून." म्हणजे टॅग लिहिताना इंग्रजीत जायचं, मजकूर लिहिताना मराठीत यायचं, परत टॅगला इंग्रजीत. दिवसातून शंभर वेळा हे जाणं-येणं. इंग्रजीत शिकवणाऱ्याला ही अडचण कधी दिसतच नाही, त्याच्या कीबोर्डवर चोच जागच्या जागी असते. अन् आपल्या पोट्ट्यांना नेमकं इथंच वाटते की हे आपलं काम नाही.

तिसरी भानगड सगळ्यात मोठी. पहिल्या दिवशी सगळं लिहिलं, रात्री बंद केलं, सकाळी उघडलं तर पूर्ण पानावर नुसती प्रश्नचिन्हं. माझं नाव प्रश्नचिन्ह, गाव प्रश्नचिन्ह, पऱ्हाटी प्रश्नचिन्ह. खरं सांगतो, मी घरचीला हाक मारली की पाह्य काय झालं, ती आली, पाहिलं, म्हणाली, "कॉम्प्युटरलेही पडला वाटते प्रश्न." झालं असं होतं की जुनं नोटपॅड फाइल सेव्ह करताना आपणहून एएनएसआय नावाच्या जुन्या पद्धतीनं सेव्ह करते, त्यात मराठी अक्षरांना जागाच नाही, म्हणून प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवते. सेव्ह करताना एक सूचना येते, पण ती इंग्रजीत असते अन् आपण ओके दाबतो. खाली एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं साठवायची पद्धत, नावाचा डबा असतो, तिथं यूटीएफ-एट निवडायचं, त्यात मराठी बसते. नवीन विंडोजमध्ये, म्हणजे विंडोज टेनचं २०१९ चं अपडेट आलं तेव्हापासून, नोटपॅड आपणहूनच यूटीएफ-एट धरते, पण खेड्यात कोणाकडं नवीन विंडोज आहे? अन् ती प्रश्नचिन्हं परत अक्षरं होत नाहीत. गेलं ते गेलं, पुन्हा टाइप करा.

त्याच डब्याच्या वर फाइलचा प्रकार असतो, तिथं ऑल फाइल्स निवडलं नाही तर इंडेक्स डॉट एचटीएमएल या फाइलच्या नावामागं डॉट टीएक्सटी चिकटते अन् ते शेपूट विंडोज आपल्याला दाखवतही नाही. मग डबल क्लिक केलं की नोटपॅडच उघडते अन् माणूस डोकं धरून बसते.

अन् एवढं करूनही पानात वरच्या बाजूला एक छोटी ओळ पाहिजे, मेटा चारसेट यूटीएफ-एट. ती ब्राउझरला सांगते की हा मजकूर कोणत्या पद्धतीनं वाचायचा. ती नसली तर कधी नीट दिसते, कधी दिसत नाही, माझ्या कॉम्प्युटरवर एकदा सगळ्या अक्षरांच्या जागी टोपी घातलेले ए आले होते, ओळीच्या ओळी. ही ओळ फाइलच्या पहिल्या १०२४ बाइटच्या आत पाहिजे असा नियम आहे. बाइट म्हणजे कॉम्प्युटरात मजकूर मोजायचं माप, इंग्रजीचं एक अक्षर एक बाइट घेते, आपल्या देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन, काना वेगळा, मात्रा वेगळी. म्हणून मराठीत लांबलचक मजकूर आधी अन् ही ओळ नंतर, असं करायचं नाही. इंग्रजी पुस्तकात ही ओळ लिहा म्हणतात, काहून लिहायची ते सांगत नाहीत, कारण त्यांचं तिच्याशिवायही चालून जाते. आपलं चालत नाही.

आता थोडं मागचं सांगतो कारण मला ते लय आवडलं. हे सगळं सुरू केलं ते टिम बर्नर्स-ली नावाच्या इंग्रज माणसानं, स्वित्झर्लंडमध्ये जिनिव्हाजवळ सर्न नावाची अणुकणांचा अभ्यास करायची मोठी संस्था आहे तिथं. १९८९ च्या मार्च महिन्यात त्यानं साहेबांना कागद दिला की संस्थेतली माहिती हरवते, ती एकमेकांना जोडून ठेवू. १९९१ मध्ये पहिलं पान जगासाठी उघडं झालं, अन् त्याच वर्षी त्यानं टॅगची पहिली यादी लिहिली, त्यात टॅग किती तर १८. फोटोचा टॅग तर त्यात नव्हताच, तो १९९३ मध्ये आला. अन् ३० एप्रिल १९९३ ला सर्ननं जाहीर करून टाकलं की हे तंत्र सगळ्यांचं, कोणाला एक पैसा द्यायचा नाही. आपल्याकडं सामान्य माणसाला इंटरनेट मिळालं ते १५ ऑगस्ट १९९५ पासून. म्हणजे फुकट वाटलेल्या गोष्टीचे मी तालुक्याला साडेतीन हजार मोजून आलो होतो.

त्या १८ मध्ये एक त्रिकूट होतं, डीएल, डीटी, डीडी. शब्द अन् त्याचा अर्थ अशी यादी लिहायची असली तर हे. डीएल म्हणजे पूर्ण यादी, डीटी म्हणजे शब्द, डीडी म्हणजे त्याचा अर्थ. आमच्या क्लासच्या नोट्समध्ये हे नव्हतंच. पुतणीलाही धड माहीत नव्हतं, तिनं पुस्तकात शोधून काढलं, अन् मला ते पाहून जो आनंद झाला तो विचारू नका. म्हणजे तिकडं जिनिव्हात बसलेल्या त्या माणसानं पहिल्या यादीत माझ्या वहीची सोय करून ठेवली होती! डीटी मध्ये धुरा, डीडी मध्ये दोन वावरांच्या मधली बांधाची पट्टी, जिच्यावरून भावाभावांत कोर्टकचेऱ्या होतात. डीटी आखर, डीडी गावाबाहेरची जागा जिथं सकाळी ढोरं जमा होतात. डीटी कुटार, डीडी मळणीनंतरचा भुसा, ढोरायचं खाणं. डीटी उलसाक, डीडी थोडंसं, पण थोडंसं म्हटलं की ते उलसाक राहत नाही.

वहीतले साडेतीनशे शब्द पुन्हा टाइप करायची गरज नाही असं मला वाटलं होतं, कारण माझ्या एका मित्राचं तालुक्याला लग्नपत्रिका छापायचं दुकान होतं, त्यानं ते कधीचे टाइप करून ठेवले होते. फाइल आणली, कॉपी केली, पेस्ट केली, अन् समोर इंग्रजी अक्षरं, कंस, टिंबं, टक्क्याचं चिन्ह, सगळा काला. ते कृतिदेव नावाच्या जुन्या फॉन्टमध्ये होतं. आपल्याकडची कितीतरी वर्षांची डीटीपीची कामं, पत्रिका, स्मरणिका, ग्रामपंचायतीच्या नोटिसा, याच असल्या फॉन्टमध्ये आहेत. त्यात आत अक्षर इंग्रजीच असते, वरून फक्त मराठीचा सदरा घातलेला असते. ज्याच्या मोबाइलमध्ये तो फॉन्ट नाही त्याला सदरा काढलेलं अक्षर दिसते. युनिकोड म्हणजे सगळ्या जगाच्या अक्षरांची एकच नंबरवार यादी, त्यात तसं नाही, तिथं क ला स्वतःचा नंबर आहे, जगात कुठंही गेला तरी तो क च.

कृतिदेवचं युनिकोड करून देणारे कन्व्हर्टर आहेत, फुकट आहेत, मी वापरला. नव्वद टक्के बरोबर झालं. पण उरलेल्या दहा टक्क्यांत नेमकी आमची पऱ्हाटी सापडली. ती झाली पर्हाटी, म्हणजे ह च्या डोक्यावर रफार. सऱ्हाता झाला सर्हाता. ज्याला मराठी येते त्याला समजंल की हे दोन उच्चार वेगळे आहेत. आपला तो पापणीसारखा अर्धा र, त्याच्यासाठी युनिकोडमध्ये नुक्ता दिलेला ऱ वेगळा ठेवलेला आहे, तो टाइप करून पाय मोडायचा अन् मग ह लिहायचा. एकेक शब्द बसून दुरुस्त केला. दोन रात्री गेल्या. त्यातली एक रात्र मोटारीजवळच गेली, मोबाइलवर.

फोटोचं थोडक्यात सांगतो. पानावर मी दारव्हा मोतीबाग स्टेशनचा फोटो टाकला, आमची शकुंतला, यवतमाळ-मूर्तिजापूरची छोट्या रुळाची गाडी, आता धावत नाही. घरच्या कॉम्प्युटरवर फोटो दिसे, नेटवर चढवलं तर फोटोच्या जागी फाटका कागद. दोन दिवसांनी समजलं की फाइलच्या नावात शेवटचं जेपीजी कॅमेऱ्यानं मोठ्या लिपीत लिहिलं होतं अन् मी टॅगमध्ये छोट्या लिपीत. विंडोजला फरक पडत नाही, तिकडच्या सर्व्हरला, म्हणजे पान जिथं ठेवतात त्या कॉम्प्युटरला, पडते. म्हणून सगळी नावं छोट्या लिपीत, मधात जागा सोडायची नाही. अन् मोबाइलचा फोटो चार-पाच एमबीचा असते, टॅगमध्ये रुंदी कमी लिहिली म्हणून तो हलका होत नाही, फक्त छोटा दिसते, आमच्या गावात नेटवर्क एका दांडीवर असते, फोटो उघडेपर्यंत माणूस जेवून येते. आधी फोटोच लहान करा, मग चढवा.

फोटोच्या टॅगमध्ये ऑल्ट म्हणून एक जागा असते, तिथं फोटोत काय आहे ते शब्दात लिहायचं. मी लिहिलं होतं "फोटो". आमच्या शेजारी आबाजी आहेत, डोळ्यानं दिसत नाही, नातवानं त्यांना मोबाइलवर टॉकबॅक लावून दिलं आहे, पडद्यावरचं सगळं ते वाचून दाखवते. मी मोठ्या तोऱ्यात त्यांना माझं पान ऐकवलं. शकुंतलेच्या जागी आल्यावर मोबाइल म्हणाला फोटो. आबाजी म्हणाले, "कायचा फोटो बापू?" मी गप. तवाच्या तवा घरी येऊन बदललं, "मोतीबाग स्टेशनचा रिकामा फलाट, रुळात गवत, मागं कडुनिंब." दुसऱ्या दिवशी पुन्हा ऐकवलं. ते म्हणाले तो कडुनिंब मला माहीत आहे, गाडीची वाट पाहत त्याच्याखाली बसत होतो, अन् मग अर्धा तास गाडीचंच सांगत राहिले. आणखी एक, पानाच्या अगदी पहिल्या टॅगमध्ये लँग, मग बरोबरचं चिन्ह, मग एमआर लिहायचं, म्हणजे वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला समजते की हे मराठी आहे, हिंदीच्या तोंडानं वाचायचं नाही. फोनमध्ये मराठी आवाज मात्र असायला पाहिजे.

आता एआयकडं येतो, कारण पत्राची सुरुवात तिथून झाली. मी एआयला वाईट म्हणत नाही, माझी बंद न केलेली एक यादी त्यानंच शोधून दिली. पण पुतणीनं गंमत म्हणून त्याला सांगितलं की दारव्हा तालुक्यातल्या शेतकऱ्याचं पान बनव. अर्ध्या मिनिटात काय सुंदर पान आलं, हिरवं, गोल कोपरे, वर सरकणारी अक्षरं. अन् मजकूर काय तर आम्ही पिढ्यान्‌पिढ्या ऊस अन् द्राक्षं पिकवतो. द्राक्षं! आमच्या वावरात! अन् खाली एक फोन नंबर, तो कोणाचा कोणास ठाऊक. ज्याला टॅग माहीत आहे तो ती फाइल उघडते, पी टॅगमध्ये जाते, ऊस खोडून पऱ्हाटी लिहिते, नंबर काढून टाकते, झालं. ज्याला माहीत नाही तो ते पान तसंच लोकांना पाठवते, कारण त्याला वाटते हे आपल्या हातचं काम नाही, मशीननं केलं म्हणजे बरोबरच असंल. तुमच्या लेखात ही बाजू यायला पाहिजे होती. मुनीम ठेवला म्हणून मालकानं बेरीज विसरायची काय?

पान नेटवर ठेवायला पैसे लागतात का, हा प्रश्न मला गावात सगळ्यात जास्त विचारतात. साधं पान असंल तर गिटहब पेजेससारख्या ठिकाणी फुकट ठेवता येते, पत्ता त्यांच्या नावाचा मिळते. स्वतःच्या नावाचा पत्ता पाहिजे तर वर्षाला पैसे, अन् तो देवनागरीतही घेता येते, डॉट भारत, ही सोय २०१४ पासून आहे. मी अजून घेतला नाही, यंदा सोयाबीन पाहून ठरवू. एक मात्र सांगतो, फाइलची कॉपी आपल्या घरी ठेवाच. जिओसिटीज नावाच्या ठिकाणी लोकांनी लाखो फुकट पानं बनवली होती, २००९ मध्ये कंपनीनं ते बंद केलं. ज्यानं पेनड्राइव्हवर ठेवलं त्याचं वाचलं.

कॉम्प्युटरवर कोणतंही पान उघडून कंट्रोल अन् यू दाबलं की त्याचं पोट दिसते, आतले टॅग. मी तुमच्या पेपरचं पान उघडून पाहिलं साहेब. बापा, हजारो ओळी. अर्ध्या तासानं मला त्यात एच वन सापडला, त्याच्या मधात त्या दिवशीचा मथळा, पुन्हा एच वन, तिरप्या रेघेसकट. तेवढ्या जंगलात ओळखीचा माणूस भेटावा तसं झालं.

तर आता मागणं. तुमच्या रविवारच्या पुरवणीत राशिभविष्याखाली एक चौकट असते, त्यात कधी विनोद येते कधी जाहिरात. ती चौकट आम्हाला द्या. दर रविवारी एकच टॅग. तो इंग्रजीत कसा लिहायचा ते ठळक अन् मोठ्या अक्षरात, चोची अन् तिरपी रेघ नीट दिसंल असा. मग त्याचं काम काय ते मराठीत दोन ओळीत. अन् तो लिहिताना मराठी माणूस कुठं अडकते ते एका ओळीत, ही ओळ सगळ्यात महत्त्वाची, इंग्रजी पुस्तकात ती सापडत नाही. व्याख्या नको, फुल फॉर्म नको, इतिहास तर मीच सांगून टाकला. १८ टॅगवर त्या माणसानं जगाचं काम सुरू केलं, आपण १८ रविवार घेऊ. उन्हाळ्यात सुरू केलं तर पेरणीच्या आधी बरंचसं होते, मधात पाऊस पडला तर एखादा रविवार आम्ही वाचणार नाही, कापून ठेवू.

क्रम पण सुचवतो, तुमच्याकडचे जाणकार काय ते ठरवतील. सगळी पुस्तकं एच वनपासून सुरू होतात. तुम्ही मेटा चारसेटपासून करा, सोबत नोटपॅडचा एन्कोडिंगचा डबा दाखवा, नाहीतर पहिल्याच रविवारी गावोगाव प्रश्नचिन्हं उगवतील अन् माणसं पुढचा रविवार वाचणार नाहीत. मग पी अन् एच वन. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात व्ह्यूपोर्टची ओळ द्या, ती नसली तर मोबाइलवर पान मुंगीएवढ्या अक्षरात दिसते, अन् आमच्याकडं सगळे मोबाइलवरच पाहतात. मग लिंकचा ए, मग यादी, मग फोटो ऑल्टसकट. डीएल ला विसरू नका. मार्की मात्र छापू नका, मला तो लय आवडते, पहिल्या पानावर मी माझं नाव त्याच्यानं दोन दिवस पळवलं होतं, पण मोडीत निघालेलं शिकवू नये.

आमच्या गावच्या वाचनालयात तुमचा पेपर येते. तिथं एक कॉम्प्युटरही आहे, धूळ खात, नेट नाही म्हणून बंद. मी वाचनालयवाल्यांशी बोललो आहे, चौकट सुरू झाली तर रविवारी दहा ते बारा मी तिथं बसंन, फुकट, लाइन असली तर. चार पोट्ट्या अन् दोन पोट्टे तयार आहेत, अन् एक आशाताई, त्यांना लसीकरणाच्या तारखांचं पान करायचं आहे. आबाजी म्हणतात मीही येतो, ऐकाले.

आपला,
एक शेतकरी वाचक
ता. दारव्हा, जि. यवतमाळ

ता. क. पत्र टाइप करून पाठवतो आहे, युनिकोडमध्ये आहे. तुमच्याकडं छपाईच्या फॉन्टमध्ये बदलताना पऱ्हाटीतला ऱ तेवढा पाहून घ्या.